सर्वानुमते

'सर्वानुमते' हा शब्द मी नोकरीत किती वेळा लिहिला याची मोजदाद नाही. ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी म्हणून ठरावाच्या शेवटी तो लिहायची हाताला सवयच झाली होती, पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितात तशी. त्यातला एक 'सर्वानुमते' खोटा होता. बाकीचेही फार खरे असतील असं नाही, पण तो खोटा आहे हे लिहिताना मला ठाऊक होतं. ज्या माणसाच्या डोळ्यांदेखत मी तो लिहिला, त्याच्याविषयी आता लिहितो आहे. इतकी वर्षं का थांबलो, याला चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आमचं गाव खाडीनं तोडलेलं. समुद्राच्या अंगाला बंदरवाडी, तिथून लांब वळसा घालून चालत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी देऊळवाडी, आणि दोन्हींच्या समोर, पाण्याच्या मधोमध, जुवा. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. तिन्हीकडे घरांची संख्या जवळजवळ सारखीच. एस.टी. थांबायची ती पलीकडच्या काठाला, आणि तिथून आम्हाला आपापल्या वाडीला आणून सोडणारी होडी एकच. तिचे तारी ते तारीमामा. कोणाचेच मामा नव्हते, पण सगळं गाव मामा म्हणे. उंच, हडकुळे, डोक्याला पंचा गुंडाळलेला, आणि वल्हं मारून मारून उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला. घर जुव्यावर.

दुसरा कुठलाही तारी होडी भरली की वल्ह्याला हात घालतो. मामा उभे राहत. होडी डुले, बायका "देवा रे" म्हणत, आणि मामा सभा भरवल्यासारखे विचारत,

"आधी बंदर की आधी देऊळ? हात वर करा."

हात मोजायचे. मग जे जिंकलं असेल ते धरून, "बंदर की जुवो?" पुन्हा हात. जे शेवटी उरेल तिथं होडी आधी लागे.

"मामा, वल्ह्याक हात लावा! माझे मासे हंयच कुसतले!" एखादी मासेवाली ओरडे.

"तुझ्या माशांका मत नाय गो. तुका आसा. कर हात वर."

गंमत अशी की माणसं तीच, भरतीची वेळ तीच, तरी आज होडी आधी बंदराला लागे, उद्या देवळाकडे, परवा जुव्याला. आणि तिन्ही दिवस बहुमतानं. आमच्या शाळेचे एक मास्तर, घाटावरचे, रोजच्या प्रवासानं वैतागलेले, एकदा म्हणाले, "मामा, तुम्हाला भूल पडते की काय? काल आधी देऊळवाडी, आज जुवा!"

"हात कोणाचे होते मास्तर? माझे काय?"

मास्तरांनी आपल्या हाताकडे बघितलं. त्यांनी दोन्ही दिवस हात वर केला होता.

होडीच्या काठाला, मामा बसत तिथं, तीन बारीक भोकं होती आणि त्यातल्या एकात एक काडी खोवलेली असे. रोज सकाळी पहिली खेप करण्याआधी मामा ती काडी एका भोकातून काढून पुढच्यात घालत. लोकांना वाटे काहीतरी नवस असेल. तारी लोकांचे काय काय नवस असतात, कोण विचारतो?

त्यांचं एक आवडतं म्हणणं होतं. कोणी काही हट्टानं मागायला लागला की म्हणत, "पयला सगळेच सांगतत. तू दुसरा सांग. माणूस दुसऱ्यात गावता." म्हणजे पहिली पसंती ही नुसती ओरड असते, ती नाही मिळाली तर काय हवं, हे विचारलं की माणसाचं मन दिसतं. हे ते कुठंही विचारत. देऊळवाडीत एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. बाप होडीत बसून सांगत होता, जावई मुंबईतलाच हवा, गिरणीत असला तरी चालेल.

मामा म्हणाले, "पयलो जावय सगळ्यांका मुंबयचोच होयो. दुसरो सांग."

"दुसरो म्हणजे?"

"मुंबयचो नाय गावलो तर?"

बाप विचारात पडला आणि होडी काठाला लागेपर्यंत विचारातच राहिला. शेवटी उतरताना पुटपुटला, "तसो कट्ट्याचो एक आसा..." मुलगी त्या कट्टा गावालाच दिली गेली. ती सुखी झाली की नाही हे मला माहीत नाही, पण मामा तो जावई आपणच शोधल्यासारखा सांगत.

देवळात मात्र त्यांची पंचाईत होई. आमच्याकडे गाऱ्हाणं घालताना गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवासमोर एकेक मागणं मोठ्यानं म्हणतो आणि मागे उभे असलेले सगळे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतात. मामा प्रत्येक मागणं ऐकत, विचार करत आणि पटलं तरच "व्हय महाराजा" म्हणत. त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांच्या मागून, एकटाच, उशिरा येई, आणि कधी कधी येतच नसे. "गुरांढोरांका, पोराबाळांका सुखी ठेव" याला येई. "बंदरवाडीचो नि देऊळवाडीचो तंटो मिटव" याला एकदा आला नाही. गावकर गाऱ्हाणं संपवून वळला आणि तडकला.

"काय रे तारया, तंटो मिटूक नको तुका?"

"मिटलो तर होडीत माणसा बोलतली काय?"

"तुझो एकट्याचो आवाज नाय म्हणान देवाक काय कळता?"

"कळता म्हणानच गप ऱ्हवलंय."

देवाच्या बाबतीत ते खवचट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. उलट देवाकडून कौल घेताना ते सगळ्यांच्या पुढे उभे राहून डोळे मोठे करून बघत. कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला उजवीकडे नि डावीकडे फुलाच्या पाकळ्या लावायच्या आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. विहीर इथं खणू की तिथं, जत्रा आज की उद्या. गाव पिढ्यान्‌पिढ्या असंच ठरवत आलं. तिसरी गोष्ट निघाली तर आधी दोघांचा कौल, मग जिंकलेल्याचा आणि तिसऱ्याचा. पुढे ग्रामपंचायत आली, हात वर करायची पद्धत आली, पण तीन गोष्टी असल्या की गाव तसंच करी: आधी दोन, मग उरलेला एक. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. देवापासून चालत आलेलं होतं, त्यामुळे त्यात चूक असेल हे कोणाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

मामांच्या आलं होतं.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा. मॅट्रिक झालेला, बंदरवाडीचा, पंचायतीत नवा नवा सेक्रेटरी. कचेरी देऊळवाडीत, त्यामुळे रोज मामांच्या होडीत. मतदारांची यादी तपासायला एकदा दुपारी जुव्यावर गेलो होतो. उन्हं कडक, मामांनी घरी जेवायला बोलावलं. आणखी दोघे वाटसरू होते. मामा आम्हा तिघांना विचारू लागले, बांगड्याचं तिकलं की सुक्या जवळ्याची किसमूर की सोलकढी-भात. आत चुलीपुढून मामी ओरडल्या, "माणसांका काय इचारतास? चुलीर काय आसा ता माका इचारा!" मामी ठेंगण्या, तोंडानं फटकळ, आणि दम्यानं दोन वाक्यांच्या मध्ये थांबणाऱ्या. त्या दिवशी आम्ही किसमूर खाल्ली, कारण तीच केलेली होती.

परतताना होडीत मी एकटाच. मामांनी वल्हं आत घेतलं, होडी सुकतीवर, म्हणजे ओहोटीच्या पाण्यावर, सोडून दिली आणि तळातून कालवांच्या तीन शिंपल्या काढून फळीवर मांडल्या.

"तू शिकलेलो आसस. ह्या बग. हो जुवो, ह्या बंदर, ह्या देऊळ. जुव्याचो माणूस पयला काय मागता?"

"जुवा."

"दुसरा?"

मी विचार केला. "बंदर. तिथून भरतीबरोबर घरी येता येतं."

"बंदराचो माणूस?"

"पहिलं बंदर. मग देऊळवाडी. तिथं उतरून चालत तरी जाता येतं. जुव्यावर उतरला तर पोहत जाईल काय?"

"आणि देवळाकडचो?"

हे मला, बंदरवाडीकराला, चांगलंच माहीत होतं. देऊळवाडीकरांचा आमच्याशी तंटा. कधी काळी पालखी आमच्या वाडीत अडवली होती म्हणे. शिवाय त्यांची भातशेती जुव्यावर, रोजचं येणं-जाणं. "पहिलं देऊळ. मग जुवा. बंदरवाडी सगळ्यात शेवटी."

"आता हात मोज. बंदर की देऊळ?"

"बंदर. बंदरवाडीचे आणि जुव्याचे."

"देऊळ की जुवो?"

"देऊळ. देऊळवाडीचे आणि आम्ही."

"जुवो की बंदर?"

"जुवा. जुव्याचे आणि..." मी थांबलो. बंदरानं देवळाला हरवलं, देवळानं जुव्याला, आणि जुव्यानं पुन्हा बंदराला. तिन्ही शिंपल्या एकमेकींच्या मागे लागल्या होत्या.

"मोठो कोण?" मामांनी विचारलं.

मी शिंपल्या पुढेमागे सरकवून पाहिल्या. मग कळलं. "ज्याला शेवटी विचाराल तो. ज्याला आधीच्या झुंजीत घालाल तो मार खातो. जो मागे राहील तो जिंकतो."

मामांनी शिंपल्या उचलून पाण्यात टाकल्या. "तीस वर्सा झाली माका ह्या कळान. म्हणान ती काडी. आज कोणाक मागे ठेवचा, उद्या कोणाक, ता काडी सांगता. नायतर मी रोज होडी माझ्याच दारात लावलंय आसतंय."

"मग सरळ पाळी का लावत नाही? आज बंदर, उद्या देऊळ. विचारता कशाला?"

"पाळी लावलंय तर म्हणतले तारयान केल्यान, आणि माका गाळी घालतले. असा केलंय की म्हणतत आमीच केला, आणि एकमेकांका घालतत." ते हसले. मग वल्हं उचलताना हसू गेलं. "कोणाक सांगा नको हां. ज्येका ह्या कळला, तेका रोज काडी फिरवची लागता."

मी कोणाला सांगितलं नाही. त्याहून वाईट केलं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन पावसाळे झाले असतील. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी. तिकडून पत्र आलं की गावाला दवाखाना मिळणार, डॉक्टर मिळणार. जागा गावानं महिन्याभरात ठरवून कळवावी, नाही कळवली तर दवाखाना दुसऱ्या गावाला जाईल. गावात दुसरा विषय उरला नाही. जुव्याला दवाखाना हवा होता कारण पावसाळ्यात खाडी चढली की जुवा आठवडा आठवडा तुटायचा, आणि मामींसारखी दम्याची माणसं तिथं देवावर हवाला ठेवून असत. आम्हाला हवा होता कारण बंदर मोठं. देऊळवाडीला हवा होता कारण आम्हाला हवा होता.

सरपंच देऊळवाडीचे. भला माणूस, पण विचार करायचा झाला तर आधी पान खावं लागे. सभेपुढे प्रश्न कसे मांडायचे ते लिहायला त्यांनी मला बसवलं. मी लिहिलं: आधी देऊळवाडी की जुवा. मग जिंकेल ते की बंदरवाडी.

"तुमची वाडी आधी घेऊ या," मी म्हणालो. "देवाचं नाव आधी आलेलं बरं."

सरपंचांना ते फार आवडलं. "तू खरो देवमाणूस," म्हणाले, आणि मलाही पान दिलं.

असं का केलं, याचं एक कारण मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. माझ्या वडिलांच्या पायाची जखम भरत नव्हती आणि मला दवाखाना आमच्या दाराशी हवा होता. हे खोटं नाही. पण आता लिहायलाच बसलो आहे तर खरं लिहितो. वडिलांचा पाय मला नंतर आठवला. लिहिताना डोक्यात एकच होतं, की हे खरंच चालतं का ते बघावं. गावात दोनच माणसांना ठाऊक असलेली गोष्ट, आणि त्यातला एक मी.

सभा देवळाच्या मंडपात, रविवारी दुपारी. घरटी एक हात, अशी रीत. कायद्यात तसं नव्हतं, पण गावात होतं, आणि तो हात घरच्या कर्त्या पुरुषाचा हे सांगायचीही गरज नव्हती. बायका मंडपाबाहेर आंब्याखाली. सुरुवात पुस्तकी मराठीत झाली, कारण ती लिहून घ्यायची होती.

देऊळवाडी की जुवा? आमच्या बंदरवाडीचे हात देऊळवाडीच्या बाजूनं वर गेले. देऊळवाडीवाल्यांनी चमकून आमच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही त्यांच्या बाजूनं. जुवा पडला. देऊळवाडी की बंदरवाडी? आता जुव्याचे हात आमच्याकडे. देऊळवाडी पडली. बंदरवाडीचे लोक नाचायला लागले. सगळं फळीवरच्या शिंपल्यांसारखं झालं, एक हात इकडचा तिकडे नाही.

तेव्हा मामा उभे राहिले.

"सरपंचानू, एकदा वायच बंदर आणि जुवो इचारा बघू."

"जुवा हरला ना मामा मघाशी?"

"हरलो तो देवळाक. बंदराक खंय हरलो?"

सरपंचांना नाही म्हणायला सुचलं नाही. विचारलं. जुव्याचे हात वर गेले आणि पाठोपाठ, आमचा नाच बघून जळलेल्या देऊळवाडीचे सगळे. जुवा जिंकला. सभेची मराठी कुठल्या कुठे गेली.

"तारयान होडी आपल्या दारात लावल्यान!"

"जुव्याचो माणूस तो! ह्या तेचा नेहमीचाच! रोज होडीत ह्याच करता!"

"माका जुव्यार नको," मामा म्हणत होते. एवढ्या आवाजात त्यांचं बोलणं पुढच्या दोन ओळींनाच ऐकू येत होतं, आणि मी पहिल्या ओळीत होतो. "माका इतक्याच सांगायचा, गावाचा मत असा काय नायच. जसा इचारशात तसा येता. डॉक्टर दोन-दोन दीस तिन्हीकडे बसांदे. मी होडयेन व्हरतंय."

"डॉक्टर काय दशावतारी हा? आज हंय, उद्या थंय?"

मंडप हसून फुटला. कोणीतरी डॉक्टरला संकासुराचं सोंग दिलं, कोणी मामांना पेटी वाजवायला बसवलं. पण सरपंच हसले नाहीत. त्यांना काहीतरी लागलं होतं. ते माझ्याकडे वळले आणि पुन्हा पुस्तकी मराठीत म्हणाले,

"सेक्रेटरी, तुम्ही शिकलेले आहात. मामा म्हणतात ते खरं आहे काय? प्रश्न मागेपुढे केले तर निकाल बदलतो?"

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. योग्य माणसाला विचारलं, असा चेहरा होता.

"तसं काही नसतं," मी म्हणालो. "निकाल मतांवर लागतो, प्रश्नांवर नाही. मामांच्या होडीत चालत असेल, सभेत चालत नाही."

पुन्हा हसू, आणि सरपंचांनी मामांची तिसरी मोजणी बाद धरली. मामा आणखी थोडा वेळ उभे राहिले, मग बसले. माझी चाल ओळखणारा एकटाच माणूस त्या मंडपात होता आणि तो काही बोलला नाही. त्यांनी शिंपल्यांची गोष्ट सांगितली असती तर माझी नोकरी त्याच दुपारी गेली असती. मी मान खाली घालून लिहिलं: दवाखाना बंदरवाडी येथे व्हावा, असा ठराव सर्वानुमते मंजूर.

दवाखाना झाला. डॉक्टर चांगले होते, टिकले. वडिलांचा पाय बरा झाला. हे सगळं लिहिलं पाहिजे, नाहीतर मी पापाचं फळ भोगलं असं वाटेल. मला काहीही भोगावं लागलं नाही. पुढे मला बढतीही मिळाली.

भोगलं ते मामांनी. दुसऱ्याच दिवशी होडीत त्यांनी "आधी बंदर की..." म्हटलं आणि कोणीतरी म्हणालं, "डॉक्टराक इचार!" रोज तेच. मग एका पोक्त माणसानं ती काडी पाहिली, भोकं मोजली आणि जाहीर केलं की तारी तीस वर्षं गावाला फसवत होता. आमच्या गावात सगळ्यांना लगेच पटलेली ती पहिली गोष्ट असेल. मामांनी काडी काढून टाकली. विचारणं सोडलं. होडी भरली की वल्हं मारत आणि पाणी नेईल तिथं आधी लावत. लोकांना हवं होतं तेच झालं, आणि महिन्याभरात लोक त्यांना रोज शिव्या द्यायला लागले: जुव्याला आधी का लावली, देवळाला उशीर का केला.

पुढच्याच पावसाळ्यात खाडी चढली आणि मामींचा दमा उसळला. पाच दिवस होडी सुटू शकली नाही. पलीकडे दवाखान्याची नवी कौलं दिसत होती म्हणे. पाणी उतरल्यावर मामांनी त्यांना कट्ट्याला भावाकडे नेऊन ठेवलं. तिथं जवळ डॉक्टर होता, बाजार होता, मधे खाडी नव्हती. पावसाळ्यापुरतं म्हणून गेल्या. गणपतीला आल्या नाहीत, दिवाळीला आल्या नाहीत. मग येण्याचं बोलणंच निघेना. मामा हातानं भात शिजवून खाऊ लागले. होडीत एकदाच, कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "दवाखानो जुव्यार आसतो तर ती घरात आसती." मी समोरच बसलो होतो.

ते वाक्य मी तीन वर्षं वागवलं. मग एका मे महिन्यात कट्ट्याला गेलो. मामांना सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून मामींना सांगायचं ठरवलं. भेकड माणूस असाच हिशेब करतो. मामी भावाच्या अंगणात कोकमं फोडत बसल्या होत्या. हात लालभडक. अंगानं जरा भरल्या होत्या.

"इलंस? बस. चाय घेतलंस?"

मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. शिंपल्या, सरपंच, देवाचं नाव आधी, सभेत काय बोललो ते. "मामी, तुमचा घर सुटला ता माझ्यामुळे. दवाखानो जुव्यार होवक व्हयो होतो."

मामींनी कोकम फोडायचं थांबवलं.

"ह्या तू केलंस?"

"व्हय."

"मेल्या, आधी सांगूक काय झाला? तुका नारळ दिलंय आसतंय!"

मला वाटलं त्या चिडून बोलतायत. पण त्या हसत होत्या, इतक्या की खोकला आला आणि थांबावं लागलं.

"त्या जुव्यार किती वर्सा काढलंय मी. चारी बाजूक पाणी. घोव दिवसभर पाण्यात, मी चुलीकडे. बोलूक कोण नाय, कोंबड्यांवांगडा बोलायचंय. हंय गाडी दिसता, बाजार दिसता, चार बायको येतत. डॉक्टर जुव्यार इलो आसतो, तर मी खंयच्या तोंडान म्हणतलंय की माका हंय ऱ्हवचा नाय?"

"मग दमो?"

"दमो आसा. खोटो नाय. पण बरो होऊन गेलो तरी मी कोणाक सांगूचंय नाय."

"मामांनी तुमका कधी इचारल्यानी नाय?"

"सगळ्या होडयेक इचारल्यानी," मामी म्हणाल्या आणि पुढचं कोकम उचललं. "माका कित्याक इचारतले? मी खंय होडयेत होतंय?"

थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ही गजाल तेंका सांगा नको हां. ते दवाखान्याक दोष देतत, ता बरा आसा. माझा कळला तर जेवूचे नाय. माझ्या गळ्याची शपथ आसा तुका."

निघताना त्यांनी मामांसाठी मूठभर सोलं बांधून दिली. मी एक ओझं उतरवायला गेलो होतो आणि दोन घेऊन परत आलो. खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर मला हलकंही वाटलं. जणू मामींनी मला सोडलं. त्या हलकेपणाची मला त्या ठरावापेक्षा जास्त लाज वाटते, कारण सभेत मी फसवलं तेव्हा मामींना काय हवं आहे हे मला कुठं ठाऊक होतं?

तरीवर, होडी सुटते त्या काठावर, संध्याकाळची शेवटची खेप. मी एकटाच. मामांनी सोलं घेतली, वास घेतला, पंच्यात बांधली. अर्ध्या खाडीपर्यंत वल्हं मारत राहिले.

"कशी आसा?"

"बरी आसा."

"दमो?"

"कमी आसा."

वल्हं चार वेळा पाण्यात गेलं.

"येतंय म्हणता?"

मी त्या वेळी सगळं सांगू शकलो असतो. माझं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग हे सभेत सांग, दवाखाना जुव्यावर आणू, आणि तिला घरी. मामींचं सांगितलं असतं तर शपथ मोडली असती, आणि या माणसाला कळलं असतं की तीस वर्षं गावभर विचारत फिरताना एक घर राहून गेलं. दोन खऱ्या गोष्टी होत्या आणि मी तिसरी सांगितली.

"येवक बगता ती," मी म्हणालो. "पण डॉक्टर नको म्हणता. पाण्यार दमो वाढतलो म्हणता."

मामांनी वल्हं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. सभेत बघितलं होतं तसंच, अगदी शांतपणे.

"तू सांगतंस," ते म्हणाले, "म्हणजे खराच आसतला."